दुरुस्ती आणि तिची कसोटी

गळके कौल बदलण्यासाठी माणूस छपरावर चढतो, एक गळती बंद करतो आणि उतरताना त्याच्याच पायाखाली शेजारचे कौल तडकते. पावसाची पहिली सर येईपर्यंत ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. संगणकाच्या कार्यक्रमांतही असे वारंवार घडते. सुधारणा करताना पूर्वी नीट चालणारी एखादी गोष्ट बिघडली, तर त्या बिघाडाला ‘रिग्रेशन’ म्हणतात. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा शब्द निराळ्या अर्थाने परिचित आहे. येथे त्याचा अर्थ ‘पीछेहाट’ एवढाच घ्यावयाचा.

याचे बोलके उदाहरण २०२५ साली घडले. लिनक्स प्रणालीत आज्ञा टंकून चालवावयाची अनेक छोटी साधने असतात: फाइलींची यादी देणारे, ओळी मोजणारे, तारीख सांगणारे. ग्नू प्रकल्पाने ही साधने सी भाषेत लिहिली. त्यांचा मूळ मजकूर कोणालाही वाचता व बदलता येतो, म्हणून त्यांना मुक्तस्रोत म्हणतात. हीच साधने रस्ट या नव्या भाषेत पुन्हा लिहिणारा ‘यूयूटिल्स’ हा प्रकल्पही मुक्तस्रोतच आहे. संगणकाची स्मृती हाताळताना सी भाषेत ज्या चुका होऊ शकतात, त्यांपैकी पुष्कळशा रस्ट भाषा मुळातच होऊ देत नाही. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी निघालेल्या उबुंटूच्या २५.१० आवृत्तीत जुन्या साधनांच्या जागी ही नवी साधने आली. हेतू अधिक सुरक्षिततेचा होता.

‘डेट’ या आज्ञेला ‘आर’ हा पर्याय जोडून फाइलचे नाव दिले, की त्या फाइलमध्ये शेवटचा बदल केव्हा झाला ते कळते. नव्या साधनाने हा पर्याय मुकाट्याने स्वीकारला, पण त्यानुसार काम मात्र केले नाही. फाइलची तारीख देण्याऐवजी ते आत्ताची वेळ सांगू लागले.

एवढ्याशा चुकीने काय बिघडणार, असे कोणी म्हणेल. परंतु उबुंटूमध्ये सुरक्षिततेच्या दुरुस्त्या आपोआप आणण्याची सोय आहे. ती सोय मागील तपासणी केव्हा झाली हे एका खुणेच्या फाइलच्या तारखेवरून ठरवते. ‘डेट’ दर वेळी आत्ताची वेळ सांगत असल्याने तपासणी नुकतीच झाली आहे, असाच निष्कर्ष निघे आणि नवी तपासणी टळे. कोठे घंटा वाजली नाही, कोठे त्रुटीचा संदेश उमटला नाही. पहारेकरी झोपला होता आणि हजेरीपट मात्र भरत होता. ऑक्टोबर २०२५ मध्येच ही गोष्ट उघडकीस आली व दुरुस्त आवृत्ती निघाली.

अशा बिघाडाची दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी? पहिली पायरी म्हणजे दोष हुकमी पुन्हा घडवून दाखवणे. ‘दुरुस्त्या येत नाहीत’ ही तक्रार झाली. ‘अमुक आज्ञा दिली असता अमुक उत्तर यावयास हवे, येते तमुक’ हे निदान झाले. दुसरी पायरी दोष केव्हा शिरला ते शोधण्याची. पूर्वीची चांगली आवृत्ती व आजची बिघडलेली आवृत्ती यांमध्ये १,००० बदल झाले असतील, तर ते एकेक करून तपासण्याची गरज नाही. मधली आवृत्ती तपासावी. ती चांगली निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात, वाईट निघाली तर मागच्या अर्ध्यात. दर वेळी निम्मे बदल बाद होतात. दोनाचा दहावा घात १,०२४ असल्यामुळे सुमारे १० तपासण्यांत दोषी बदल सापडतो. ‘गिट’ या साधनात यासाठी ‘बायसेक्ट’ ही आज्ञाच आहे.

तिसरी पायरी कसोटीची, आणि ती दुरुस्तीच्या आधी लिहावी. येथेच विद्यार्थी फसतात. समजा, आपण एक नवी फाइल निर्माण केली आणि ‘डेट’ला तिची तारीख विचारली. उत्तर आजचे आले, कसोटी उत्तीर्ण! परंतु बिघडलेले साधनही हेच उत्तर देते. तेव्हा ‘टच’ या आज्ञेने फाइलला मुद्दाम जुनी तारीख द्यावी, उदाहरणार्थ १ जानेवारी २००१, आणि तीच परत येते का ते पाहावे. शिवाय कालविभाग स्पष्ट नोंदवावा. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने तिकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीचे ८ वाजतात, तेव्हा येथे १ जानेवारी उजाडून दीड तास झालेला असतो. ही कसोटी जुन्या, सदोष साधनावर प्रथम नापास झालीच पाहिजे. जी कसोटी चुकीला नापास करीत नाही, तिने बरोबर ठरवलेल्याला किंमत नाही.

शेवटची पायरी ही की दुरुस्ती झाल्यावरही ती कसोटी कायम ठेवावी. ओपनएसएसएच या साधनातील एक धोकादायक दोष २००६ साली दुरुस्त झाला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये नोंदी लिहिण्याच्या भागाची पुनर्रचना करताना त्या दुरुस्तीतील संरक्षक ओळ नकळत गळली आणि तोच दोष परत आला. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी तो १ जुलै २०२४ रोजी जाहीर केला. माणसे बदलतात, ‘ही ओळ येथे का आहे’ याची आठवण पुसली जाते; कसोटी ती आठवण जपून ठेवते.

या कामात आपल्या विद्यार्थ्यांना मोठा वाव आहे. ‘गोत्री’ हे वडोदऱ्यातील एका भागाचे नाव. डोळ्यांना त्यात दोन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने ती ६ चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ पद्धतीत साठवल्यास १८ बाइट लागतात. ‘वर्डकाउंट’सारखे साधन यांपैकी कोणता आकडा दाखवते व कोणता दाखवायला हवा, हा प्रश्न इंग्रजी नावे वापरणाऱ्याला सहसा पडत नाही, कारण तेथे तिन्ही आकडे बहुधा एकच असतात. मराठी किंवा कन्नड नावाची फाइल घेऊन कसोटी लिहिणे हे म्हणूनच आपल्यासारख्यांचे काम. त्यासाठी प्रयोगशाळेतील साधा संगणक पुरतो. गोत्रीतील विद्यार्थ्याने पाठवलेली पाच ओळींची कसोटी एकदा स्वीकारली गेली, की पुढील प्रत्येक बदल तिच्यावरून घासून मगच आत येतो.