उशिरा उमटलेलं युद्ध

१३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री ब्रिटिश विमानांनी ड्रेस्डेन पेटवलं, तेव्हा अमेरिकी युद्धकैदी कर्ट व्हॉनेगट कत्तलखान्याच्या तळघरातल्या मांसकोठारात होता, म्हणून वाचला. पुढे त्याला ढिगाऱ्यांतून प्रेतं उपसावी लागली. त्यावरची त्याची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' ही कादंबरी यायला १९६९ साल उजाडलं. जोसेफ हेलरने बॉम्बफेकी विमानातून साठ मोहिमा केल्या. त्याची 'कॅच-२२' १९६१ची.

इतकी वर्षं का लागली, याचं एक उत्तर व्हॉनेगटनेच पहिल्या प्रकरणात दिलंय. युद्धातल्या मित्राकडे तो आठवणी जागवायला जातो, तर मित्राची बायको मेरी ओ'हेअर संतापते. तेव्हा तुम्ही कोवळी पोरं होतात, ती म्हणते. पण तुम्ही लिहिणार मर्दांची गोष्ट, तिच्यावर सिनेमा निघणार, आणि त्या भुलीने आणखी युद्धं होणार, पुन्हा पोरंच मरणार. तसं न लिहिण्याचा शब्द तो तिला देतो, आणि पुस्तक तिलाही अर्पण करतो. अमेरिकी युद्धसाहित्यातलं हे पान मला फार मोलाचं वाटतं. युद्धकथेचा पराक्रमी साचा आयता हाताशी होता. तो नाकारायचा, तर सांगण्याची दुसरी रीत शोधणं भाग होतं. व्हॉनेगटने काळाची सलगताच मोडली. त्याचा बिली पिलग्रिम आयुष्यातल्या कुठल्याही क्षणात जाऊन पडतो आणि ड्रेस्डेन काही सुटत नाही. कादंबरीतला मृतांचा आकडा, १,३५,०००, पुढे फुगवलेला ठरला. इतिहासकारांच्या समितीने तो २५,०००पर्यंत खाली आणला. म्हणून कादंबरीची होरपळ कमी होत नाही.

'स्लॉटरहाउस-फाइव्ह' आली तेव्हा टिम ओब्रायनच्या पिढीतली पोरं व्हिएतनाममध्ये होती. तिथे पायदळात राहिलेल्या ओब्रायनने १९९०च्या 'द थिंग्ज दे कॅरिड'मध्ये सैनिकांच्या पाठीवरचं ओझं वजनासकट मांडलं. मारल्या गेलेल्या एका व्हिएतनामी तरुणाचं आयुष्यही त्यात कल्पनेने उभं केलंय. तरी तो तरुण मेलेलाच राहतो, बोलत नाही. या सगळ्या परंपरेत मला खुपणारी उणीव हीच: स्वतःच्या सैनिकाची जखम तिने मन लावून पाहिली, समोरच्याला मात्र आवाज क्वचितच दिला.

तो आवाज २०१५मध्ये व्हिएत थान्ह नुयेनच्या 'द सिम्पथायझर'मधून ऐकू आला. नुयेन १९७५मध्ये निर्वासितांबरोबर अमेरिकेत आलेलं लहान मूल. त्याचा निवेदक, एक व्हिएतनामी हेर, हॉलिवुडच्या युद्धपटाची संहिता वाचतो, तर व्हिएतनामी पात्रांना एकही संवाद नाही. तो थेट दिग्दर्शकाशी भांडायला जातो.