कर्करोगानंतरचा विसर

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पुरे करून बाई घरी येते आणि पुन्हा कामाला लागते. दूध चुलीवर ठेवून गोठ्यात जाते, इकडे दूध उतू जाते. बाजारात पोहोचल्यावर काय आणायचे होते ते आठवत नाही. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते. घरचे म्हणतात, "हिचे लक्षच नसते." तिला मात्र मनातून धास्ती वाटते, "मला वेड तर लागत नाही ना?" अशा घरांसाठी आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

हा आळस नव्हे आणि वेडही नव्हे. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत स्तनाचा कर्करोग झालेल्या ५८१ आणि न झालेल्या ३६४ स्त्रियांना त्यांच्या स्मरणाविषयी व एकाग्रतेविषयी प्रश्न विचारले होते. केमोथेरपी संपल्यावर शंभरातील सुमारे ४५ रोगी स्त्रियांनी त्यात घट झाल्याचे सांगितले. इतर स्त्रियांत हे प्रमाण सुमारे १० होते. सहा महिन्यांनंतरही शंभरातील ३६-३७ रोगी स्त्रियांचा त्रास कायम होता.

याची कारणे अनेक आहेत. केमोथेरपीची औषधे, अकाली बंद झालेली पाळी, अंगात कमी झालेले रक्त, थकवा, अपुरी झोप आणि काळजी ही त्यांतली मुख्य. पुष्कळ जणींना काही महिन्यांत हळूहळू बरे वाटते. काहींचा त्रास मात्र वर्षानुवर्षे टिकतो.

मग करावे काय? एक लहान वही जवळ ठेवावी आणि कामे तिच्यात लिहून ठेवावीत. एका वेळी एकच काम हाती घ्यावे. किल्ल्या, औषधे, पैसे यांची जागा ठरलेली असावी. हिशेबाचे काम थकवा येण्यापूर्वी करावे. रोज थोडे चालावे आणि वेळेवर झोपावे. कीटकनाशकाचे माप, विहिरीवरची मोटार आणि गॅस यांवर मात्र दुसऱ्या कोणीतरी नजर ठेवावी. तिथे विसर जिवावर बेतू शकतो.

डॉक्टरांना हा त्रास न लाजता सांगावा. रक्त, थायरॉईड आणि बी-१२ यांची तपासणी करण्याची गरज आहे का, ते विचारावे. टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. सततची तीव्र डोकेदुखी, उलट्या, फिट किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काही दिसले तर त्याला साधा विसर समजू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

घरच्यांना आमचे एकच सांगणे आहे. ती विसरली म्हणून चारचौघांत हसू नका आणि तिच्या हातून घरचा कारभार काढून घेऊ नका. तिच्या हाती वही द्या आणि थोडा वेळ द्या.