पूर्व तिमोर : मतपेटीतून जन्मलेले राष्ट्र

आग्नेय आशियाच्या नकाशावर इंडोनेशियाच्या बेटांच्या रांगेत, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस, तिमोर नावाचे एक चिंचोळे बेट आहे. त्याचा पश्चिमेकडील भाग इंडोनेशियाचा, तर पूर्वेकडील भाग म्हणजे पूर्व तिमोर हे स्वतंत्र राष्ट्र. २०२२ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या तेरा लाखांच्या थोडी वर आहे आणि त्यांतील बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत. आशिया खंडात फिलिपाईन्सनंतर असा हा दुसराच देश. ह्या चिमुकल्या राष्ट्राने मतदानाचा हक्क मोठी किंमत मोजून मिळवला. तो मिळाल्यावर निवडणुकीतील पराभव मान्य करण्याचा धडाही त्याला गिरवावा लागला. हा दुसरा धडा पहिल्याइतकाच कठीण होता, हे त्या देशाच्या इतिहासावरून आपल्या लक्षात येते.

चंदनाच्या शोधात आलेले पोर्तुगीज

सोळाव्या शतकाच्या प्रारंभी पोर्तुगीज व्यापारी चंदनाच्या ओढीने तिमोरला पोहोचले. त्यांच्यामागून डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू गेले. वसई, गोवा आणि तिमोर हे तिन्ही प्रदेश एके काळी एकाच पोर्तुगीज सत्तेच्या छत्राखाली होते. वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकून घेतली. तिमोरचा कारभार मात्र १८४४ पर्यंत गोव्याच्या अधिकाराखाली चालत असे. पुढे तो मकावकडे सोपवण्यात आला. पोर्तुगीजांनी आपले ठाणे १७६९ मध्ये लिफाव येथून दिली येथे हलवले. तीच आजची राजधानी. डच आणि पोर्तुगीज ह्यांनी १८५९ च्या तहाने बेटाची वाटणी केली आणि सीमेचा अखेरचा निवाडा १९१४ मध्ये हेग येथे झाला. ह्या वाटणीत तेथील रहिवाशांचे मत कोणी विचारले नाही.

दूरच्या ह्या वसाहतीकडे लिस्बनचे फारसे लक्ष नव्हते. शाळा थोड्या, रस्ते त्याहून थोडे. दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट व्यापले, तेव्हा हजारो तिमोरवासी उपासमारीने व सूडाच्या कारवायांत मृत्युमुखी पडले. युद्ध संपताच पोर्तुगीज परतले आणि जुनी घडी पुन्हा बसली.

नऊ दिवसांचे स्वातंत्र्य

२५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालमध्ये लष्कराने हुकूमशाही राजवट उलथवून टाकली आणि वसाहतींना मोकळे करण्याचे धोरण स्वीकारले. तिमोरमध्ये प्रथमच राजकीय पक्ष उभे राहिले. परंतु ऑगस्ट १९७५ मध्ये दोन मुख्य पक्षांत यादवी पेटली. तीत फ्रेतिलिन हा पक्ष वरचढ ठरला व त्याने २८ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. नऊ दिवसांनी, ७ डिसेंबर रोजी, इंडोनेशियाचे सैन्य दिली शहरात उतरले. पुढील वर्षी पूर्व तिमोर हा इंडोनेशियाचा सत्ताविसावा प्रांत असल्याचे जाहीर झाले. संयुक्त राष्ट्रसंघाने हे विलीनीकरण कधीच मान्य केले नाही. पण बलाढ्य राष्ट्रांनी त्याकडे काणाडोळा केला.

त्यानंतरची चोवीस वर्षे भयानक होती. पुढे नेमलेल्या सत्यशोधन व समेट आयोगाने १९७४ ते १९९९ ह्या काळात संघर्षामुळे किमान एक लाख दोन हजार आठशे माणसे दगावल्याचा अंदाज मांडला. त्यांपैकी बहुतेक जण भूक आणि आजार ह्यांना बळी पडले. त्या वेळी देशाची लोकसंख्या सात लाखांच्या आत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या आकड्याचे वजन कळते.

मुक्यांचा आवाज

१९७५ मध्ये पूर्व तिमोरचे जेमतेम एक तृतीयांश रहिवासी कॅथलिक होते. इंडोनेशियाच्या राजवटीत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचले. ह्याला अनेक कारणे होती. इंडोनेशियाच्या कायद्याप्रमाणे प्रत्येकाने शासनमान्य धर्मांपैकी एक स्वीकारणे आवश्यक होते आणि पूर्वजपूजक तिमोरवासीयांना ख्रिस्ती धर्म जवळचा वाटला. दुसरे कारण भाषेचे. पोर्तुगीज भाषेवर बंदी आली, तेव्हा ख्रिस्तसभेने इंडोनेशियन भाषेऐवजी लोकांची तेतुम भाषा उपासनेत आणली. शिवाय दिली धर्मप्रांत इंडोनेशियाच्या बिशप परिषदेला न जोडता रोमच्या थेट अखत्यारीत ठेवण्यात आला. त्यामुळे चर्च ही लोकांना आपली म्हणता येईल अशी बहुधा एकमेव संस्था उरली.

मोन्सिन्योर मार्तिन्यो द कोस्ता लोपेस ह्यांनी हत्याकांडांविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. १९८३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेले कार्लोस फिलिप शिमेनेस बेलो ह्यांनी १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांना पत्र लिहून सार्वमताची मागणी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी दिलीजवळील तासीतोलू येथे मिस्सा अर्पण केला आणि तेथे तरुणांनी स्वातंत्र्याच्या घोषणा दिल्या. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी मोतायल चर्चमधील मिस्सानंतर मृत तरुणाच्या स्मरणार्थ निघालेल्या मिरवणुकीवर सान्ता क्रूझ दफनभूमीत सैन्याने गोळीबार केला. दोनशेहून अधिक जण ठार झाले. परदेशी पत्रकारांनी टिपलेली ती दृश्ये जगभर पोहोचली. १९९६ चे नोबेल शांतता पारितोषिक बेलो आणि परदेशात राहून लढा देणारे जोसे रामोस-होर्ता ह्यांना विभागून देण्यात आले.

ह्याच बेलो ह्यांच्यावर पुढे अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि व्हॅटिकनने २०२० मध्ये त्यांच्यावर निर्बंध लादल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. इतिहास सांगताना ही वेदनादायक बाब आम्ही वगळू इच्छित नाही. लोकांच्या लढ्याचे मोल त्यामुळे उणे होत नाही. परंतु पीडितांच्या दुःखावर त्या लढ्याचे पांघरूण घालणेही योग्य नव्हे.

३० ऑगस्ट १९९९

१९९८ मध्ये इंडोनेशियात सुहार्तो पायउतार झाले. त्यांचे उत्तराधिकारी हबीबी ह्यांनी पूर्व तिमोरला निवड करू देण्याचे मान्य केले : इंडोनेशियांतर्गत विशेष स्वायत्तता हवी की नको? नकाराचा अर्थ स्वातंत्र्य. लष्कराच्या पाठबळावर पोसलेल्या सशस्त्र टोळ्यांनी दहशत माजवली. एप्रिलमध्ये लिकिसा येथील चर्चच्या आवारात आश्रयास आलेल्यांची कत्तल झाली. तरीही ३० ऑगस्ट १९९९ रोजी लोक पहाटेपासून रांगा लावून उभे राहिले. नोंदलेल्या मतदारांपैकी ९८.६ टक्के लोकांनी मत दिले आणि ७८.५ टक्क्यांनी स्वायत्तता नाकारली.

निकाल जाहीर होताच सूडाचा वणवा पेटला. सुआय येथील चर्चमध्ये ६ सप्टेंबर रोजी तीन धर्मगुरूंसह अनेक निर्वासितांना ठार करण्यात आले. त्या वर्षीच्या हिंसेत एकूण सुमारे चौदाशे लोक मारले गेले, बहुतांश इमारती जाळल्या गेल्या आणि लक्षावधी लोक घरदार सोडून पांगले. अखेर २० सप्टेंबर रोजी ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय सेना उतरली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अडीच वर्षांच्या प्रशासनानंतर २० मे २००२ रोजी पूर्व तिमोर पुन्हा स्वतंत्र झाला. गनिमी लढ्याचे नेते शनाना गुस्माव हे पहिले निर्वाचित राष्ट्राध्यक्ष ठरले.

निवडणुकीचे गणित

राष्ट्राध्यक्षाची निवड लोक थेट पाच वर्षांसाठी करतात. कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास दुसरी फेरी होते. संसदेच्या ६५ जागांसाठी मात्र मतदारसंघ नाहीत. संपूर्ण देश हाच एक मतदारसंघ. मतदार उमेदवाराला नव्हे, पक्षाच्या यादीला मत देतो व मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. प्रत्येक यादीतील दर तीन नावांत किमान एक स्त्री असावी लागते. सतराव्या वर्षी मताधिकार मिळतो. ह्या पद्धतीमुळे एका पक्षाला बहुमत मिळणे अवघड जाते आणि आघाड्या अटळ होतात.

पराभव पचवण्याची परीक्षा

२००१ च्या घटना समितीच्या निवडणुकीत फ्रेतिलिनने ८८ पैकी ५५ जागा जिंकल्या. हीच समिती पुढे संसद झाली व मारी अल्कातिरी पंतप्रधान झाले. कॅथलिकबहुल देशाचा हा पहिला पंतप्रधान मुस्लिम होता, हे नमूद करण्याजोगे आहे. २००५ मध्ये शाळांतील धर्मशिक्षण ऐच्छिक करण्याच्या निर्णयाविरुद्ध ख्रिस्तसभेच्या पुढाकाराने दिलीत सुमारे तीन आठवडे निदर्शने झाली आणि सरकारला समझोता करावा लागला. परकी सत्तेविरुद्ध बोलणे आणि लोकांनीच निवडलेल्या सरकारवर दबाव आणणे, ह्या दोन गोष्टी सारख्या आहेत काय, हा प्रश्न तेव्हा पुढे आला. तो आजही विचार करण्यासारखा आहे.

२००६ मध्ये पक्षपाताची तक्रार करणाऱ्या सुमारे सहाशे सैनिकांना बडतर्फ केल्यावर सैन्य आणि पोलीस आपसांत भिडले. सुमारे दीड लाख लोक बेघर झाले. चर्चची आवारे पुन्हा निर्वासितांनी भरली. कोमोरो येथील डॉन बॉस्को संस्थेच्या आवारात हजारोंनी आसरा घेतला. ह्या वेळी मारणारे परके नव्हते. अल्कातिरींनी राजीनामा दिला.

२००७ मध्ये फ्रेतिलिनला सर्वाधिक २१ जागा मिळाल्या. पण राष्ट्राध्यक्ष रामोस-होर्ता ह्यांनी गुस्माव ह्यांच्या आघाडीला सरकार बनवण्यास बोलावले. फ्रेतिलिनच्या समर्थकांनी काही ठिकाणी घरे जाळली. परंतु पक्ष अखेर संसदेत विरोधी बाकांवर बसला. २०१२ अखेर संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना परतली. २०१५ मध्ये गुस्माव ह्यांनी आपणहून पंतप्रधानपद सोडले व ते प्रतिस्पर्धी फ्रेतिलिनचे रुई आराउजो ह्यांच्याकडे आले. २०१७ मध्ये फ्रेतिलिनला २३, तर गुस्माव ह्यांच्या पक्षाला २२ जागा मिळाल्या. अल्पमतातील सरकार टिकले नाही, संसद विसर्जित झाली आणि २०१८ मध्ये लोकांनी शांतपणे पुन्हा मतदान केले. मे २०२३ मध्ये गुस्माव ह्यांच्या पक्षाने ३१ जागा जिंकल्या व जुलैत ते पुन्हा पंतप्रधान झाले. २००६ मध्ये ज्या मतभेदांनी शहर पेटले, तेच मतभेद पुढे मतपेटीत मोजले जाऊ लागले, ही ह्या देशाची खरी कमाई होय.

पुढचा प्रवास

अडचणी संपलेल्या नाहीत. देशाचा अर्थसंकल्प समुद्रातील तेल व वायूपासून जमवलेल्या निधीवर विसंबून राहिला आहे. बालकांचे कुपोषण गंभीर आहे. १९७५ च्या पिढीचेच नेते आलटून पालटून सत्तेवर येतात; तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या पंचविशीच्या आतली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये खासदारांसाठी महागड्या गाड्या घेण्याच्या बेताविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि तो बेत संसदेला रद्द करावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पूर्व तिमोर आसियान संघटनेचा अकरावा सदस्य झाला. इंडोनेशियाशेजारी तो आता बरोबरीच्या नात्याने बसतो.

१० सप्टेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी त्याच तासीतोलूच्या मैदानावर मिस्सा अर्पण केला, तेव्हा सुमारे सहा लाख श्रद्धावंत, म्हणजे जवळजवळ निम्मा देश, उपस्थित होता. ह्या दौऱ्यात मुलांवरील अत्याचार रोखण्याची गरजही त्यांनी बोलून दाखवली. पस्तीस वर्षांपूर्वी त्याच जागी स्वातंत्र्याची घोषणा देणाऱ्या तरुणांना मारहाण झाली होती.

आपल्याला मतदानाचा हक्क जन्माने मिळाला आहे. मतदानाच्या दिवशी सुट्टी म्हणून घरी बसण्याचा मोह होईल, तेव्हा घर जाळले जाईल हे ठाऊक असूनही पहाटे रांगेत उभ्या राहिलेल्या त्या बंधुभगिनींचे आपण स्मरण करू या. आणि आपल्या मनाविरुद्ध निकाल लागला, तर विरोधी बाकांवर बसायला शिकलेल्या त्याच लोकांचे पुन्हा एकदा स्मरण करू या.