परकी भांडवल आणि कंपनी सरकारची आठवण

शासनाची आर्थिक धोरणे आकडेवारीवर ठरतात, असा सर्वसाधारण समज आहे. दीर्घकाळ पारतंत्र्यात राहिलेल्या देशांत मात्र सामूहिक स्मृतीचा प्रभावही तितकाच असतो. परदेशी भांडवलाविषयीचे भारताचे धोरण हे त्याचे ठळक उदाहरण होय.

व्यापारासाठी आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीने १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळवली आणि व्यापारीच महसूल गोळा करू लागला. भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते, याचा हिशेब दादाभाई नौरोजी यांनी पुढे मांडला. 'परका व्यापारी म्हणजे उद्याचा राज्यकर्ता' हे समीकरण सुशिक्षितांच्या मनात त्यातून पक्के झाले.

तरीही स्वातंत्र्यानंतर लगेच दारे बंद झाली नव्हती. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी एप्रिल १९४९ मध्ये संसदीय सभागृहात परकी भांडवलाला समान वागणुकीचे आश्वासन दिले होते. संशय बळावला तो १९६५-६६ च्या दुष्काळात. अमेरिकेने गव्हाची जहाजे हात राखून पाठवली. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. या अवलंबित्वाचा सल राजकीय नेतृत्वाच्या मनात राहिला.

१९७३ च्या परकी चलन नियमन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्याचे बंधन घातले. ते न स्वीकारता कोका-कोलाने १९७७ मध्ये, तर आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला. आयबीएमच्या संगणकांच्या देखभालीचे काम सरकारी सीएमसीकडे आले आणि भारतीय अभियंत्यांना संधी मिळाली. म्हणजे भीतीपोटी घेतलेला निर्णय सर्वस्वी निष्फळ ठरला नाही.

अर्थात सारे काही जुन्या जखमेच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी बरोबर नाही. परकी चलनाची टंचाई खरीच होती. शिवाय संरक्षित बाजारपेठेचा लाभ देशी उद्योगपतींना झाला, आणि स्वदेशीच्या नावाखाली स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबला तो ग्राहक.

१९९१ मध्ये सोने गहाण ठेवण्याची वेळ आल्यावर धोरण पालटले आणि १९९३ मध्ये कोका-कोला परतली. स्मृती मात्र पुसली गेली नाही. २०१२ मध्ये बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी देताना ईस्ट इंडिया कंपनीचा दाखला पुन्हा दिला गेला. अशी दुकाने उघडू द्यायची की नाही, हा निर्णय केंद्राने अखेर राज्यांवर सोपवला.