नाविक विजयस्मारक पोर्सलीन, इंग्लिश

इंग्लंडच्या आरमाराने अठराव्या शतकात व एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मिळविलेल्या विजयांच्या स्मरणार्थ तयार केलेली चित्रांकित पोर्सलीनची पात्रे. त्यांत पेले, सुरया, वाडगे तसेच चहा-न्याहारीचे संच यांचा समावेश होतो. संग्राहकांच्या बोलण्यात या नावाखाली येणारी बहुसंख्य पात्रे वस्तुतः पोर्सलीनची नसून झिलईदार साध्या मातीची असतात. खरे पोर्सलीन पातळ व पारभासी असते. ते दिव्यासमोर धरले असता प्रकाश आरपार दिसतो, मातीच्या पात्रातून तो येत नाही.

अशा पात्रांची प्रथा इंग्लिश पोर्सलीनपेक्षा जुनी आहे. ॲडमिरल व्हर्नन याने १७३९ मध्ये केवळ सहा जहाजांनिशी स्पेनचे पोर्तोबेलो बंदर घेतले, तेव्हा इंग्लंडमध्ये पोर्सलीन बनतच नव्हते. त्याचा गौरव मातीच्या पात्रांवर व पदकांवर झाला. १७४१ मध्ये कार्ताहेनाच्या विजयाची पदके तर विजयापूर्वीच पाडण्यात आली आणि प्रत्यक्षात व्हर्ननला तेथून माघार घ्यावी लागली. या वस्तूंना इतिहासाचा पुरावा मानताना हे उदाहरण विसरून चालत नाही.

चेल्सी, बो व वुस्टर येथील कारखाने सु. १७४५ ते १७५१ या काळात सुरू झाले. मिश्रणात हाडांची राख घालण्याचा उपाय बो येथे प्रथम योजला गेला. शतकाच्या अखेरीस स्पोड कारखान्याने त्यावरूनच ‘बोन चायना’ सिद्ध केले. यात राखेचे प्रमाण जवळजवळ निम्मे असते. वुस्टर येथे रॉबर्ट हँकॉक याच्या ताम्रपटांवरील चित्रे पातळ कागदावर छापून पात्रावर उतरविली जात. ॲडमिरल बॉस्कावेन याची प्रतिमा असलेले पेले याच पद्धतीचे होत. ठशामुळे विजयाची वार्ता ताजी असतानाच माल बाजारात येऊ लागला.

हाताने रंगविलेल्या पात्रांचे काम मात्र संथ व खर्चिक असे. झिलईवर धातूंच्या ऑक्साइडांपासून केलेले रंग देऊन पात्र पुन्हा भट्टीत घालावे लागे. सोन्याचा मुलामा शेवटी, अधिक मंद आचेवर चढे. शिडे, दोर व तोफांच्या रांगा अचूक काढण्यास जहाजांची माहिती असलेला चित्रकार लागे. डर्बी कारखान्यातील जॉर्ज रॉबर्टसन हा सागरी देखाव्यांसाठी नावाजलेला होता.

या पात्रांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध संच नेल्सनचा. ऑगस्ट १८०२ मध्ये त्याने सर विल्यम व लेडी हॅमिल्टन यांच्यासह वुस्टरच्या चेंबरलेन कारखान्यास भेट दिली आणि जपानी धर्तीच्या निळ्या-तांबड्या-सोनेरी नक्षीचे न्याहारी, भोजन व फलाहार यांचे संच मागविले. त्यांवर त्याची कुलचिन्हे आहेत: १७९७ मध्ये जिंकलेल्या ‘सॅन होसेफ’ या स्पॅनिश जहाजाचा पिछाडीचा भाग, तुर्की सुलतानाने दिलेला रत्नजडित तुरा इत्यादी. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफॅल्गारच्या लढाईत तो मरण पावला, तोवर केवळ न्याहारीचा संच पुरा झाला होता. लढाईचे एकही चित्र नसलेली ही पात्रे त्या पर्वाची सर्वांत बोलकी साक्ष ठरली. लेडी हॅमिल्टन पुढे कर्जापायी तुरुंगात गेली व १८१५ मध्ये कॅले येथे विपन्नावस्थेत वारली. संचातील पात्रे आज निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेली आहेत.

सामान्य ग्राहकांसाठी लिव्हरपूल, संडरलंड व स्टॅफर्डशर येथे नेल्सनच्या ठशाची मातीची पात्रे मोठ्या प्रमाणावर निघाली. कित्येकदा एकच मुखवटा नाव बदलून निरनिराळ्या सेनानींसाठी वापरला जाई. तेव्हा त्यांत चेहऱ्याचे साम्य शोधणे व्यर्थ होय.

कालनिश्चितीस निशाणे फार उपयोगी पडतात. ब्रिटिश ध्वजावर तिरपा तांबडा क्रूस १ जानेवारी १८०१ पासून आला. त्यामुळे १७९८ च्या नाईलच्या लढाईतील जहाजावर तो दिसल्यास ते चित्र नंतरचेच समजावे. तांबडे, पांढरे व निळे ही आरमाराच्या तीन पथकांची वेगवेगळी निशाणे १८६४ पर्यंत चालू होती. ट्रफॅल्गारला मात्र नेल्सनच्या आज्ञेने सर्व जहाजांनी पांढरे निशाण लावले. तेथे तांबडे निशाण दाखविणारा चित्रकार केवळ रूढ नमुना गिरवीत होता.

एकोणिसाव्या शतकात जुन्या कुलचिन्हांकित पात्रांच्या नकला पॅरिसमध्ये होऊ लागल्या. त्यांमुळे कारखान्याच्या खुणेवरच विसंबणे धोक्याचे असते. ट्रफॅल्गारच्या शताब्दीनिमित्त (१९०५) कोपलँड कारखान्याने काढलेले दोन-तीन कानांचे पेले उघडपणे स्मारक म्हणून बनविलेले होते.