आभासी शर्यतीतील शिस्त

आयरेसिंग ही ऑनलाइन मोटारशर्यतींची सेवा 2008 मध्ये सुरू झाली. घरी स्टिअरिंग धरून बसलेल्या चालकाला टक्करीत इजा होत नाही, त्यामुळे बेफिकिरीला आवर घालायला दंडाची पद्धत लागते. चाके ट्रॅकबाहेर गेली की 1 गुण, गाडीवरचा ताबा सुटला की 2 आणि डांबरी ट्रॅकवर दुसऱ्या गाडीला जोरात धडक बसली तर 4. चूक कोणाची हे संगणक पाहत नाही. दोघांनाही सारखाच दंड. नवख्यांना हा अन्याय वाटतो. पण मागून ठोकर खाणाराही पुढच्या वेळी जागा सोडायला शिकतो, म्हणून ही पद्धत योग्यच म्हणावी लागेल.

किती वळणांमागे किती गुण साचले यावर सुरक्षितता गुणांकन ठरते आणि वरच्या वर्गाचा परवाना त्यावर अवलंबून असतो. निळा झेंडा दिसला की फेरीने मागे पडलेल्या चालकाने गोंधळून बाजूला व्हायचे नसते, आपली रेषा धरून ठेवायची. सुरक्षितपणे पुढे जाण्याची जबाबदारी वेगवान गाडीची. गिरकी खाल्लेल्याने ब्रेक दाबून थांबावे आणि वाट मोकळी झाल्यावरच परतावे.

मुद्दाम धडक दिली किंवा शिवीगाळ केली, तर रिप्लेसह तक्रार करता येते. तिचा निवाडा माणसे करतात.