सेटिंग्जचा संसार

पर्सनल कॉम्प्युटरच्या पहिल्या काही वर्षांत प्रोग्रामच्या सेटिंग्ज बदलायच्या म्हणजे बऱ्याचदा तो प्रोग्रामच बदलायचा. अगदी शब्दशः. मायक्रोप्रो कंपनीचं वर्डस्टार १९७८ साली आलं. सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टमवर चालणारी मशीन्स तेव्हा अनेक कंपन्या बनवत होत्या आणि त्यांना जोडलेली टर्मिनल्स तऱ्हेतऱ्हेची असत. कर्सर अमुक ओळीत, अमुक रकान्यात न्यायचा, तर एडीएम-३ए टर्मिनलला एस्केपनंतर बरोबरचं चिन्ह पाठवावं लागे. डेकच्या व्हीटी५२ ला एस्केपनंतर वाय हे अक्षर. हेक्समध्ये एकाला १बी ३डी, दुसऱ्याला १बी ५९. त्यापुढे ओळ आणि रकाना, दोन्हींत ३२ मिळवून. एक बाइट चुकला की स्क्रीनवर नुसता कचरा.

म्हणून वर्डस्टारबरोबर इन्स्टॉल करणारा वेगळा प्रोग्राम येई. टर्मिनल कोणतं, प्रिंटर कोणता, हे विचारून तो उत्तरं थेट डब्ल्यूएस.कॉम या फाइलच्या पोटात लिहून टाकी. आपलं टर्मिनल यादीत नसेल तर मॅन्युअलमधले पत्ते बघायचे, टर्मिनलचं पुस्तक शेजारी उघडून ठेवायचं आणि एकेक बाइट हाताने भरायचा. कंट्रोल-के दाबल्यावर मेन्यू किती थांबून दिसावा, हेही असंच बदलता येई. हात बसलेल्या टायपिस्टला तो मेन्यू मध्ये यायलाच नको असे.

आजच्या प्रोग्रामरला हे ऐकून घाम फुटेल, पण त्या मशीनवर यापेक्षा शहाणा मार्ग नव्हता. मेमरी जास्तीत जास्त ६४ केबी. आठ इंची साध्या फ्लॉपीवर जेमतेम अडीचशे केबी जागा आणि ६४ नोंदींची डिरेक्टरी. चार बाइटांची फाइल केली तरी ती आख्खा एक केबी अडवणार, एक नोंद खाणार. शिवाय ती उघडून वाचायचा कोड मेमरीत बसवायचा तो वेगळाच. कॉम फाइल मात्र जशीच्या तशी मेमरीत चढे आणि सेटिंग्ज तिच्यासोबत फुकटात येत. तोटेही होतेच. मित्राला कॉपी दिली की आपलं टर्मिनलही त्याच्या घरी जाई. नवी आवृत्ती आली की सगळं पहिल्यापासून. तरीही बोरलँडच्या टर्बो पास्कलने १९८३ मध्ये हाच रस्ता धरला होता.

त्याच वर्षी डॉस २.० आलं. हार्ड डिस्क आली, सबडिरेक्टऱ्या आल्या आणि कॉन्फिग.सिस नावाची साधी मजकुराची फाइलही आली. फाइल्स=२०, बफर्स=२० अशा ओळी लिहिताना लोकांना पहिल्यांदा कळलं की सेटिंग ही वाचता येण्यासारखी गोष्ट असू शकते. डीबेसची कॉन्फिग.डीबी याच वळणाची. लोटस १-२-३ ची सीएनएफ फाइल मात्र बाहेरून वाचता येत नसे. स्लॅश दाबून वर्कशीट, ग्लोबल, डिफॉल्ट, अपडेट एवढ्या पायऱ्या उतरल्या की ती लिहिली जाई. आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासांतून वर्डस्टार, लोटस, डीबेस ही तिकडी शिकलेल्यांना त्या पायऱ्या अजून पाठ असतील.

सबडिरेक्टऱ्यांनी नवीच पंचाईत केली. पाथमुळे प्रोग्राम कुठूनही सुरू होऊ लागला, पण आपण स्वतः कुठल्या डिरेक्टरीत राहतो हे त्याला ठाऊक नसे. मग शेजारची फाइल तो शोधणार कशी? डॉसने हा पत्ता सांगायला सुरुवात केली ती १९८४ च्या ३.० पासून. तोवर, आणि सवयीने नंतरही, ऑटोएक्झेक.बॅटमध्ये सेट लिहून प्रोग्रामला वाट दाखवायची. सेटने लिहिलेलं जिथे राही त्या एन्व्हायर्नमेंटला जागा किती, तर न मागता मिळणारे १६० बाइट. लांबलचक पाथने त्यातला मोठा घास घेतला की ‘आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस’.

१९८५ च्या विंडोजने विन.आयएनआय आणली. चौकोनी कंसात मथळा, खाली नाव आणि किंमत, मध्ये बरोबरचं चिन्ह. ओळ तात्पुरती बंद करायची तर आधी अर्धविराम. नोटपॅड येणाऱ्या कुणालाही दुरुस्ती जमावी इतकं सोपं, आणि म्हणूनच माझ्या मते या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत सुखाचा टप्पा. पण जो तो प्रोग्राम त्या एकाच फाइलीत संसार थाटू लागला. विंडोज ३ च्या दिवसांत ज्याला त्याला स्वतःची आयएनआय ठेवायला सांगितलं गेलं, तर त्या फाइलींचा ढीग विंडोजच्या डिरेक्टरीत साचला. प्रोग्राम काढून टाकला तरी त्याची आयएनआय तिथेच मुक्कामाला.

१९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री, म्हणजे विंडोजने स्वतः सांभाळलेला सेटिंग्जचा साठा, एका कोपऱ्यात आली, पुढच्या वर्षी एनटीत तिला मानाचं पान मिळालं आणि १९९५ मध्ये ती घरोघरी पोचली. एका मशीनवर अनेकजण काम करणार, प्रत्येकाच्या आवडी वेगळ्या राहणार, ही गरज खरी होती. मात्र तिच्या सिस्टम.डॅट आणि युजर.डॅट या फाइली नोटपॅडच्या आवाक्याबाहेरच्या. त्यासाठी रेजएडिट, आणि रेजएडिट उघडण्याआधी बॅकअप.

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच डॉट नेट आणलं, तेव्हा प्रोग्रामच्या सेटिंग्जसाठी त्याच्याच शेजारी, त्याच फोल्डरमध्ये, मजकुराची एक कॉन्फिग फाइल ठेवायची सोय होती. फोल्डर उचलायचा आणि दुसऱ्या मशीनवर टाकायचा, झालं इन्स्टॉल. या पद्धतीला नाव दिलं गेलं एक्सकॉपी डिप्लॉयमेंट. एक्सकॉपी ही १९८६ च्या डॉस ३.२ मधली कमांड.